शेऱ्याखालची ओळ

१९४६च्या हिवाळ्यात, हिंगोलीपासून चार कोसांवरच्या एका शाळेत मी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि हेडमास्तरांनी वर्गासमोर तो फळा धुऊन घेतला. दोन बादल्या पाणी लागलं. ओळ होती : 'आपली नदी कयाधू.'

मी शिक्षकांच्या ट्रेनिंगला होतो. महारवाड्यातून तिथवर गेलेला त्या साली मी एकटा. सर्टिफिकेटासाठी या शाळेत वीस सरावपाठ द्यायचे होते. हेडमास्तरांनी पाठ बघून वहीत शेरा लिहायचा, त्याखाली मी 'मान्य' लिहून सही करायची, असा नियम. शेरे चांगले, तरच नोकरी.

फळा धुतल्यावर हेडमास्तर म्हणाले, "अरे ए ट्रेनिंगवाल्या, तोंडानं शिकव. फळ्याला, पाटीला हात लावायचा न्हाई."

पहिल्या पाठाचा शेरा : 'वर्गाचा वेळ वाया घालवला.' मी मान्य लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दारात उभा राहून शिकवलं. पोरं पाट्या पुढं करायची. "मास्तर, आमचं बराबर हाय का, बघा की!" मी वाकलो की पाटी झटकन मागं. वर्ग हसायचा. हेडमास्तरही हसायचे.

पाठ संपला की वही ओट्यावर ठेवून मी बाजूला व्हायचं. ते लेखणीच्या टोकानं पान उलटायचे. दुसऱ्या पाठाचा शेरा : 'फळ्याचा उपयोग केला नाही. असमाधानकारक.'

"गुरुजी, तुमीच हात लावू दिला न्हाई."

"मग? उपयोग केलास का?"

"न्हाई."

"मंग लिही मान्य."

लिहिलं. पुढचे नऊ पाठ शेरा तोच, शब्दही तेच. एकूण अकरा वेळा मान्य.

बाराव्या पाठाला पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मास्तर, तुमाला लिव्हता येत न्हाई का?"

पहिल्या दिवशी ती शाळेत नव्हती. ती चिडवत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं.

त्या दिवशीही शेरा तोच आला. त्याखाली मी लिहिलं : 'अमान्य. मला फळ्याला हात लावू दिला नाही. मी लिहिलेला फळा पहिल्या दिवशी धुतला. मला लिहिता येतं.' खाली सही केली.

हेडमास्तरांनी वाचलं. "काहून रे, माज आला?" त्यांनी पायानं वही ओट्यावरून खाली लोटली. मी उचलली. धूळ झटकली.

आठ दिवसांनी ट्रेनिंगच्या शाळेतले तपासनीस आले. वही बघून म्हणाले, "बेटा, ही ओळ खोड. पुढं तकलीफ होणार न्हाई, पास मी करतो. तुमच्यात मास्तर झालाय का कुणी?"

"न्हाई."

"मग खोड."

लेखणी त्यांनी हातात दिली नाही. जमिनीवर ठेवली. दौत शेजारी.

मी दौतीला झाकण लावलं.

"लिहिलंय ते खरं हाय. खोडणार न्हाई. आन् खोट्याखाली मान्य पुन्हा लिहिणार न्हाई."

त्या महिन्यात ट्रेनिंगच्या हजेरीपटावरून माझं नाव कमी झालं. सर्टिफिकेट मिळालं नाही. वही माझ्याकडं आहे. बाराव्या पाठाची ओळ खोडलेली नाही.