दाराला खांदा

आमच्या घरात अंगारे-धुपारे आईकडे आणि त्यांची टिंगल माझ्याकडे, अशी वाटणी होती. आजही कुणी भुताची गोष्ट काढली की मी चहाच्या निमित्तानं उठतो. पण हे माझ्याच अंगावर आलेलं आहे… यातून उठून जाणार कुठे?

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी परभणीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. होस्टेलला जागा नव्हती. पेठांमध्ये खोली विचारायला गेलो की आधी आडनाव, मग जात, मग "मटण खाता का?" – आणि दार बंद. धर्मशाळेत वळकटीवर बसून अभ्यास चालला होता. शेवटी वर्गातला एक जण म्हणाला, "पिंपरी कॅम्पात बघ राव. तिथे सगळेच बाहेरचे, कोण कुणाला हुसकावतोय?"

खरंच होतं ते. चिंचवड स्टेशनवर उतरून चालत गेलं की लष्कराच्या जुन्या बराकी लागायच्या. फाळणीत सिंधमधून आलेल्या लोकांना सरकारनं तिथे ठेवलं होतं. नळावर सिंधी कालवा, कारखान्याच्या बांधकामावरून येणारी तेलुगू गाणी, पिंपरी गावातून भाजी घेऊन येणारे माळकरी… पहिले काही दिवस मला कुणाचंच काही कळेना.

त्यांच्यातल्याच जमनाभाभीनं मला तिच्या बराकीतली टोकाची खोली दिली. तिशीतली बाई, पदरी दोन मुली, पापड लाटून संसार चालवायची. परभणीची माझी दखनी हिंदी ऐकून तिला फार हसू यायचं. नवरा "उधर रह गया," एवढंच ती सांगायची. 'वारला' म्हणाली नाही कधी.

परीक्षेआधीची सुट्टी होती. भर दुपार. भाभी मुलींना घेऊन रेशनच्या रांगेत गेलेली. ऊन आत येत होतं म्हणून मी दार लोटून कडी घातली आणि पुस्तक उघडलं.

पहिला घाव बसला तेव्हा वाटलं, बाहेर कुणीतरी काहीतरी आपटलं. दुसऱ्या घावाला कडी वाकली. "कोण आहे?" मी ओरडलो. बाहेर माणसांचा लोंढा आल्यासारखा आरडाओरडा, दगड, लाथा… मी धावत जाऊन दाराला खांदा लावला. विचार नाही केला, अंग आपोआपच गेलं.

आणि माझ्या शेजारी आणखी एक खांदा होता.

दिसत काही नव्हतं. पण घामानं भिजलेला सदरा माझ्या दंडाला चिकटत होता. त्याचा श्वास माझ्या गालावर येत होता – गरम, धापा टाकणारा. प्रत्येक घावाला आम्ही दोघं मागे ढकलले जायचो आणि पुन्हा दारावर आदळायचो. तो मागे तोंड करून ओरडत होता, "वञो! वञो!" शब्द कळत नव्हता, पण तो माझ्यासाठी नव्हता हे कळत होतं. तो त्याच्या पाठीमागच्या कुणाला तरी सांगत होता.

मग कुऱ्हाडीचं पातं फळी फोडून आत आलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. ओढून काढलं, परत आलं. ढलप्या तोंडावर उडाल्या. शेजारून असा आवाज आला की… तो लिहिता येणार नाही मला. बाजूचं वजन सुटलं, पायांशी काहीतरी कोसळलं आणि पुढचा घाव माझ्या खांद्यात बसला.

त्यानंतर एकदम शांत.

कसाबसा उठून मी कडी काढली. बाहेर लख्ख ऊन. समोर लिंबाखाली पिंपरी गावातला माळकरी गेनबा भाजीची पाटी घेऊन बसलेला. मला बघून तो उठलाच.

"आरं देवा! कुनी मारलं रं तुला?"

"ते… ते लोक कुठे गेले?"

"कुठलं लोक? म्या सकाळधरनं हितंच हाय. कुनी आलं न्हाई, कुनी गेलं न्हाई!"

दाराकडे पाहिलं. साधा ओरखडा नव्हता. माझा सदरा मात्र रक्तानं भिजला होता.

गेनबानं मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि हळूच विचारलं, "कुऱ्हाड? पोलिसांना कळवू?" मी काय सांगणार! टाके घालताना त्यांनी खांद्यातून लाकडाची ढलपी काढली. निळ्या रंगाची. आमच्या बराकीची दारं सगळी लष्करी हिरवी.

बातमी कळताच भाभी मुलींना घेऊन दवाखान्यात धावत आली. तिच्या हातात ती ढलपी दिली आणि घडलं ते सगळं सांगितलं. मी तो शब्द उच्चारला तशी तिनं माझं मनगट धरलं.

"वञो… मतलब जाओ. हम पीछे से भागे थे. बच्चियाँ लेकर. मैंने मुड़ के नहीं देखा." बराच वेळ ती त्या ढलपीवरून अंगठा फिरवत राहिली. मग विचारलं, "वो… अकेले थे क्या, दरवाज़े पे?"

"नहीं, भाभी. मैं था ना."

तिनं ढलपी मुठीत घट्ट धरली आणि भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं रडली. मुली घाबरून बघत राहिल्या. आईला रडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्या संध्याकाळी तिनं शेजारच्या बायकांना बोलावलं आणि इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या नावानं दिवा लावला.

शिक्षण संपेपर्यंत मी त्याच खोलीत राहिलो. दार पुन्हा कधी वाजलं नाही. ज्याला मी कधी पाहिलं नाही, त्याच्या दारात मी कसा गेलो? मीच का? ढलपी कुठून आली? जाणत्या लोकांना विचारून पाहिलं, सगळे भास म्हणाले. मलाही सांगता येत नाही. थंडी पडली की उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, एवढं मात्र खरं.