दोन मार्कांचं वाक्य

डिंगोऱ्याच्या अंगणवाडीत रत्ना नऊ वर्षं मदतनीस होती. पोरं गोळा करायची, पाणी भरायचं, उसळ शिजवायची, नाकं पुसायची. गुडघ्यांपायी सेविका प्रयागबाईंनी अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये राजीनामा द्यायचं ठरवलं, आणि त्या जागेवर पहिला हक्क रत्नाचा होता. अट एकच, दहावी पास. रत्ना दहा वर्षांपूर्वी नेमकी इंग्रजीत गेलेली. या इंग्रजीनं आमच्या तालुक्यात जेवढी माणसं घरी बसवली, तेवढी दुष्काळानंही बसवली नसतील!

रत्ना पुन्हा नापास झाली, तर जागा प्रयागबाईंच्या सुनेला मिळणार होती. सून दहावी पास होती आणि अर्ज लिहून तयार होती. तरी रत्नाला शिकवायला बसल्या त्या प्रयागबाईच. त्या जुन्या अकरावीच्या. पोरं घरी गेली की मटकी निवडता निवडता शिकवणी चालायची.

व्याकरण काही केल्या रत्नाच्या डोक्यात शिरेना. शेवटी प्रयागबाई म्हणाल्या, "ही वाक्प्रचारांची यादी तेवढी पाठ कर. हमखास इचारत्यात. आन् नुसती घोकू नको. दर शब्दाला गावातला एक माणूस लाव, मंग इसरायची नाय."

मग 'गिव्ह अप'ला दारू सोडलेला भागू मिळाला. 'पुट ऑफ'ला आज येतो, उद्या येतो म्हणणारा सावळाराम गवंडी. 'लुक आफ्टर'पुढे रत्नानं स्वतःचंच नाव लिहिलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

एके दिवशी 'लुक डाउन अपॉन' आलं. अर्थ, तुच्छ लेखणे. रत्नाची पेन्सिल थांबली. ती बौद्ध वस्तीतली. पहिली दोन वर्षं प्रयागबाई प्यायचं पाणी घरून तांब्यात आणायच्या. रत्नानं भरलेल्या माठाला हात लावायच्या नाहीत. पुढे तांब्या यायचा बंद झाला. त्यावर दोघी कधी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. रत्नानं ती जागा रिकामी ठेवली आणि पुढचा शब्द घेतला. प्रयागबाई मान खाली घालून मटकीतले खडे वेचत राहिल्या.

मार्चमध्ये ओतूरच्या केंद्रावर रत्ना पोराटोरांच्या रांगेत परीक्षेला बसली. वाक्यात उपयोग करा म्हणून पेपरात नेमका तोच शब्द, दोन मार्कांना. वाक्य तिच्या मनात तयार होतं, नावासकट. एखादं खोटं नाव घातलं असतं तरी भागलं असतं, पण दुसरं नाव तिला सुचेचना, आणि खरं लिहायला हात धजेना. तिनं ते वाक्य सोडून दिलं.

जूनमध्ये निकाल लागला. ग्रेसचे मार्क धरूनही रत्ना दोन मार्कांनी गेली.

"काय सोडलं व्हतंस?" प्रयागबाईंनी विचारलं. रत्नानं दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा सांगितलं.

"लिवायचं व्हतंस की. खरंच व्हतं ते."

"बाई, तुमीच मला शिकवीत व्हता. तुमचं नाव कसं लिवू?"

प्रयागबाईंना हुंदका आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "चूक माझी, आन् नापास तू झालीस." मग डोळे पुसले. "राजीनामा मी आता देत नाय. आक्टोबरला परत बस."

त्यांचा मुलगा गोरख घरात आदळआपट करून गेला. सुनेनं अबोला धरला. प्रयागबाई मात्र अख्खा पावसाळा, काठी टेकत, चिखल तुडवत अंगणवाडीत येत राहिल्या. गावातल्या बायका हसल्या, म्हातारीला मानधनाचा मोह सुटत नाही म्हणाल्या. रत्नाला ते ऐकवत नव्हतं, पण बाईंनी तिला बोलू दिलं नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेत रत्ना पास झाली. सेविका म्हणून पहिल्या दिवशी ती प्रयागबाईंच्या पाया पडायला गेली. त्या खाटेवर होत्या. गुडघे पार गेले होते, आता धरूनसुद्धा उठता येत नव्हतं. ते बघून रत्ना तिथंच मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"रडतीस काय? ऊठ," प्रयागबाई म्हणाल्या. "पोरं वाट बघत असतील."