नानांच्या हाताची घाई

आमच्या एरंडोलच्या शाळेतले दोन जुने मास्तर भेटले, की तिसऱ्या मिनिटाला नानांचा विषय निघतोच. एकानं एक किस्सा सांगितला, की दुसऱ्याला दोन आठवतात! मी तिथे ड्रॉइंग शिकवायचो, नाना गणित. त्यांचा एक हात मध्येच, न सांगता, ताडकन उडायचा. लहानपणापासूनचं दुखणं. आता नाना नाहीत, पण किस्से वाढतच चाललेत.

*

नोकरीचा पहिला दिवस. फळ्यावर लिहिताना हात उडाला आणि खडू सुटला तो थेट शेवटच्या बाकावर, डुलक्या घेणाऱ्या पोराच्या कपाळावर!

नाना "माफ कर" म्हणणार, तोच तो उभा राहिला. "चुकलो सर, परत नाही झोपणार!"

मास्तरांच्या खोलीत येऊन नाना म्हणाले, "बावीस वर्षांत या हातानं पहिल्यांदा काही काम केलं!"

*

नानांसाठी दोंडाईचाकडे मुलगी बघायला गेलो. नानांच्या हातातली चहाची बशी उडाली ती मुलीच्या मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. मामा ताडकन उठले, "पोऱ्याले काय व्हयनं शे?"

नाना शांतपणे म्हणाले, "काही नई, मामा. हातले घाई शे, माले नई!"

दाराआडून हसू फुटलं. त्या हसण्याशीच, म्हणजे आमच्या अक्कांशी, नानांचं लग्न झालं. पुढे अक्कांनी त्यांना चहाचा कप कायम अर्धाच भरून दिला. पण दर वेळी दोनदा.

*

एकदा दाढी करताना हात उडाला आणि न्हाव्याच्या कोपराला लागला. दुसऱ्या दिवशी नाना शाळेत आले ते सफाचट ओठ घेऊन. आम्ही सगळे गंभीर.

"कोण गेलं, नाना?"

"आधी अर्धी मिशी गेली. मग उरलेली तिच्यामागोमाग!"

*

अक्कांनी त्यांना हट्टानं धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे जाणार नाही. पण तुम्हालाही नेणार नाही."

परतताना मोटारीत अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. नाना म्हणाले, "म्हणजे मरेपर्यंत सोबत. अगं, लग्नात भटजी तुझ्याबद्दलही हेच म्हणाले होते!"

अक्का डोळे पुसत हसल्या.

*

चळवळीचे दिवस होते. मैदानातल्या सभेत पुढाऱ्यांनी विचारलं, "उद्या कायदा मोडायला माझ्याबरोबर कोण येणार?" एकही हात वर होईना. आणि नानांचा हात वर!

सकाळी हेडमास्तरांच्या खोलीत फौजदार हजर. मी हजेरीपट घेऊन तिथेच उभा होतो. बाहेर व्हरांड्यात अक्का, कडेवर धाकटी.

"साहेब, यांना दुखणं आहे," हेडमास्तर काकुळतीनं म्हणाले. "हात आपोआप उडतो. गावात कुणालाही विचारा."

फौजदार भला माणूस. त्यानं अटकेचा कागद मिटला. "मग प्रश्नच मिटला. झटकाच होता ना, मास्तर?"

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

"साहेब, झटका येतो तो उजव्या हाताला. सभेत मी डावा वर केला होता."