कासीमचे तीन वेढे

सोलापुरात विजापूर वेशीच्या आत, बोळाच्या तोंडाशी कासीम ढोलकीवाले याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि पोट उघडून ठेवलेले दहाबारा रेडिओ. आडनाव ढोलकीवाले, पण घरातली ढोलकी खुंटीला टांगलेली. तिला कुणी हात लावायचा नाही, अशी त्याच्या आईची, लालबीची, ताकीद होती. त्या घरात आणखी एक नियम होता. 'पेंगणं' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. कुणाला डुलकी लागली तर झोप आली म्हणायचं, डोळे मिटले म्हणायचं, काहीही म्हणायचं, पण तो शब्द नको.

या नियमाला कारण होतं आणि त्या कारणाचं नाव होतं शिवशरण शेठ.

शिवशरण चादरींचा व्यापारी. धंदा मोठा, पण त्याचा जीव लावणीत. गावातल्या शौकिनांनी त्याला न्यायाधीश केलं होतं. खरं तर तोच खुर्ची ओढून बसला होता आणि उठ म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, पण कान होता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल करावं. कान असलेल्या माणसाला जीभ आवरता आली नाही तर तो किती जणांच्या पोटावर पाय देतो, याचा हिशोब मात्र कुणी ठेवत नाही.

चौसष्ट सालच्या गड्ड्याच्या यात्रेत गोजरबाईची संगीतबारी आली होती. रविवारचा दुपारचा खेळ. ढोलकीवर कासीमचा बाप, महबूब. गोजरबाईनं बैठकीची लावणी धरली, महबूबनं बोटं सैल सोडली आणि समोरच्या खुर्चीतून शिवशरण उठला. भर थेटरात म्हणाला, "बाई, गाणं झकास हाय. पर महबूबचा हात पेंगतोय की."

थेटर हसलं. शिवशरण हसला म्हणजे थेटर हसायचंच. महिनाभरात बारीच्या मालकानं दुसरा ढोलकीवाला पाहिला, कारण शेठची मर्जी गेली तर सोलापुरातला खेळ गेला. मग रस्त्यावरची पोरंसोरंसुद्धा महबूबला बघून मान डोलवत झोपेचं सोंग करू लागली. महबूबनं ढोलकी खुंटीला लावली ती कायमची. एका गोदामात गाठोडी बांधायला लागला आणि चार वर्षांनी गेला. आजार काही मोठा नव्हता. माणूस आतून आधीच विझला होता.

कासीमनं दात धरला. मारामारी त्याच्या अंगात नव्हती आणि शिवशरणच्या अंगावर जायला त्याच्याजवळ ना माणसं होती, ना पैसा. त्यानं वाट बघायचं ठरवलं. वाट बघणं हे एक हत्यारच आहे. फक्त ते फार हळू चालतं.

गिरणीच्या फाटकासमोर तिप्पण्णाचं हॉटेल होतं. तिथं रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं आणि लावण्यांच्या रेकॉर्डींची एक पेटी. चहा बरा, भजी तेलकट, पण गर्दी असायची ती वादासाठी. कुठली लावणी सगळ्यांत थोर? एकजण म्हणायचा पैंजणाची, दुसरा म्हणायचा चोळीची, आणि तिसरा दोघांच्या घराण्याचा उद्धार करून जकातनाक्याची म्हणायचा. त्याहून मोठा वाद लयीचा. ठायवाले म्हणायचे, लावणी सावकाशच पाहिजे, शब्द गळ्यातून उतरायला वेळ लागतो. चढवाले म्हणायचे, पायात वीज नसेल तर घरी बसून भजन ऐका. गंमत अशी, की पाळी संपवून दमून आलेले कामगार बहुतेक ठायवाले असत आणि पाळीवर निघालेले चढवाले. भोंगा झाला की पक्ष बदलायचे. शेवटी निवाडा शिवशरणचा. तो पुढ्यातल्या बशीवर बोटानं ठेका धरायचा आणि सांगायचा, ही लय बरोबर, ही गेली.

त्याच्या मते सगळ्यांत थोर जकातनाक्याची. रेकॉर्ड गोजरबाईचीच, बासष्ट साली मुंबईत जाऊन भरलेली. तबकडीवर नाव एवढंच: गोजरबाई आणि मंडळी. शिवशरण दर वेळी ढोलकीच्या तुकड्याला बोट वर करायचा आणि म्हणायचा, बघा, मुंबईच्या माणसाचा हात बघा, नाहीतर आमचे सोलापूरचे.

मंडळीतला तो हात महबूबचा होता. हे कासीमला ठाऊक होतं, लालबीला ठाऊक होतं, हॉटेलात दुसऱ्या कुणालाच नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी कासीम यंत्र पुसायला आणि सुई बदलायला तिथं जायचा. ज्याच्यापायी बाप मेला त्याच माणसाच्या तोंडून बापाची वाहवा ऐकायची आणि निमूट सुई बदलायची.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, गड्डा उठल्यावर, त्याला सुचलं. यंत्राच्या पोटात मोटरीची बोटभर दांडी असते. ती रबरी चाकाला फिरवते आणि चाक वरच्या थाळीला. दांडीवर चिकटपट्टीचा एक वेढा दिला की दांडी केसभर जाड होते आणि थाळी केसभर जलद पळते. कासीमनं एक वेढा दिला. रेकॉर्ड लावली. शिवशरणच्या भुवया किंचित वर गेल्या, पण बोट बशीवर पडतच राहिलं. आठवडाभरात त्या लयीशी त्याचं सूत जमलं.

दुसरा वेढा उन्हाळ्यात दिला, सगळ्यांची डोकी उन्हानं बधिर झालेली असताना. तिसरा गणपती झाल्यावर. घाई केली नाही. आवाजही वर चढला होता, बारीक झाला होता; एका ठायवाल्यानं शंका काढली, तर शिवशरणनंच त्याला झापलं. म्हणाला, बाई तेव्हा कोवळी होती, आवाज कोवळाच असणार. चढवाले खूश झाले, ठायवाले एकेक करून फुटले. दिवाळीपर्यंत हॉटेलात पक्षच उरला नाही. सगळे एका लयीत मान डोलवत होते. कासीम दर शुक्रवारी तासभर बसून ऐकायचा, आपलं काम कसं मुरतंय ते बघायला. मुरत होतं. त्याला इतकं बरं वाटायचं की तिप्पण्णाची भजीसुद्धा गोड लागायची.

पंचाहत्तरच्या गड्ड्याला गोजरबाई पुन्हा सोलापुरात आली. आता पन्नाशीची, थोडी जड झालेली, पण गळा शाबूत. रविवारचा दुपारचा खेळ, तेच थेटर. लाऊडस्पीकरचं काम कासीमनं हट्टानं मागून घेतलं होतं. सगळं हॉटेल पुढच्या चार रांगांत बसलं होतं आणि मधोमध शिवशरण.

फर्माईश झाली जकातनाक्याची. गोजरबाईनं आपल्या नेहमीच्या लयीत उचलली. ढोलकीवर चनमल्लप्पा नावाचा म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा, निवांत हाताचा. पहिलं कडवं संपायच्या आत पुढच्या रांगा चुळबुळायला लागल्या. दुसऱ्याला शिवशरण उठला. कासीमचा हात तारेवर थांबला. अकरा वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते तोंडातून बाहेर पडलं, शब्द न् शब्द तेच.

"बाई, गाणं झकास हाय. पर हात पेंगतोय की."

चनमल्लप्पानं मान खाली घातली. पण या वेळी गोजरबाईनं गाणं थांबवलं. ती पुढं आली आणि शांतपणे विचारलं, शेठ, ही लावणी चढ कुठं ऐकली? शिवशरण म्हणाला, तुमच्याच रेकॉर्डवर, रोज ऐकतो. चार रांगांनी साक्ष दिली. मग आणा रेकॉर्ड आणि आणा मशीन, असं बाईनं फर्मावलं. हॉटेल जवळच. दोघं जाऊन दोन्ही घेऊन आले, कासीमनं यंत्राजवळ माइक धरला.

रेकॉर्ड वाजली. खरोखरच पळत होती. शिवशरणनं विजयानं मागं वळून पाहिलं. गोजरबाईनं पेटीवाल्याला खूण केली, सूर धरा म्हणून. त्यानं दोन पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाला, पांढरी सहा, बाईच्या पट्टीच्या एक पट्टी वर. आधी थेटरातले जाणकार हसले, मग सगळे.

"शेठ," गोजरबाई म्हणाली, "मी जन्मात काळी चार सोडून गायले न्हाय. हा आवाज माझ्या धाकट्या भनीचा असंल, आन् मला भन न्हाय."

हशा ओसरू न देता ती पुढं बोलली. रेकॉर्डवरची ढोलकी याच गावच्या महबूबची. याच थेटरात, याच खुर्चीतून तुम्ही त्याला उठवलंत. त्या दिवशी लय मीच मागितली होती, त्यानं ती जिवापाड सांभाळली होती, आणि मी भ्याले म्हणून गप्प बसले. शिवशरण उभाच होता. बसायचं त्याला सुचत नव्हतं.

तिप्पण्णा गडबडून कासीमला म्हणाला, अरे, मशीन बिघडलीय का, तूच बघतोस ना. कासीमनं माइक तोंडाशी धरला.

"मशीन वरीसभर पळतीय," तो म्हणाला. "मी निस्ती सुई बदलतो. लय बघायला शेठ रोज बसल्यात की."

जे थेटर महबूबला हसलं होतं ते आता शिवशरणला हसलं, आणि पुढच्या चार रांगा सगळ्यांत मोठ्यानं, जणू त्या स्वतः वर्षभर मान डोलवत नव्हत्याच. शिवशरण मधल्या वाटेनं बाहेर गेला. गोजरबाईनं चनमल्लप्पाला हात केला आणि लावणी तिथूनच पुढं उचलली. कासीम तारा गुंडाळताना रडला. सुखानं रडला; असं सुख त्याला ना लग्नात मिळालं होतं, ना दुकान टाकलं तेव्हा. शिवशरण त्यानंतर हॉटेलात आला नाही. पोरं त्याच्या पेढीवरून जाताना 'पांढरी सहा' म्हणून ओरडायची, आणि कासीमला ते दुकानात बसल्या बसल्या ऐकू यायचं. त्याला कीव आली नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यानं तिन्ही वेढे सोडवले आणि तिप्पण्णाकडून ती रेकॉर्ड मागून घेतली. आता तिचं नाव कुणी काढत नव्हतं. घरी दुरुस्तीला आलेलं एक चांगलं यंत्र होतं. थाळीवर खडूची खूण करून, हातातल्या घड्याळावर फेरे मोजून त्यानं वेग तपासला. मिनिटाला पंचेचाळीस, चोख. लालबीनं त्या दिवशी खुंटीवरची ढोलकी काढून, पुसून मांडीवर घेतली होती. आठवड्याभरात ती तीनदा म्हणाली होती, तुझ्या बापाला त्या बाईनं न्याय दिला.

रेकॉर्ड सुरू झाली. गोजरबाईचा खरा, भरदार आवाज आला, आणि त्याच्या खालून महबूबचा हात. लालबीनं डोळे मिटले. तिची बोटं ढोलकीच्या पुडीवर आवाज न करता पडायला लागली, बरोब्बर त्याच लयीत, कारण तिच्या कानात दुसरी लय कधी शिरलीच नव्हती.

कासीम ऐकत राहिला. पहिलं कडवं गेलं. त्याचा पाय पुढं पळत होता आणि ढोलकी मागून येत होती. त्यानं पाय दाबून धरला. मग मांडीतली नस पळायला लागली. त्यानं उठून पुन्हा फेरे मोजले, पंचेचाळीसच. दर शुक्रवारी तासभर, वर्षभर, तो हॉटेलात बसला होता. दुसऱ्याच्या कानासाठी केलेलं काम तोही ऐकत होता, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. लहानपणी झोपताना ऐकलेला बापाचा हात त्यानं आठवून पाहिला. तोही आता रेंगाळत होता.

ढोलकीचा तो तुकडा आला, ज्याला शिवशरण बोट वर करायचा. लालबीनं ओल्या डोळ्यांनी विचारलं, "सुन्या क्या बेटा? कैसा बजाता तेरा बाप?"

कासीमच्या तोंडात एकच शब्द आला, या घरात न उच्चारायचा. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि आईला वाटलं, पोराचा गळा दाटून आला.