काच बघणारा माणूस

माझे मामा आरसे बनवायचे. काचेच्या पाठीवर चांदीचं पाणी चढवायचं, ते वाळलं की वर रंगाचा लेप द्यायचा, कडा घासायच्या आणि गिऱ्हाइकाच्या भिंतीवर नेऊन बसवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सगळी गल्ली त्यांना 'पारा' म्हणायची. नाव ऐकून नवख्यांना वाटे, माणूस तापट असणार. छे! मामांचा पारा जन्मात कधी चढला नाही. ते खातं मामीकडे होतं, आणि तिच्यानंतर आपसूक माझ्याकडे आलं.

आरसा तपासायची त्यांची एक रीत होती. समोर उभं राहायचं नाही. बाजूला व्हायचं, मान तिरपी करायची आणि नजर काचेवरच धरून ठेवायची. आत दिसणारा चेहरा, खोली, खिडकी काही बघायचं नाही, कारण आत बघितलं की काचेतला दोष हमखास निसटतो. शिकाऊ असताना मामा आरशात केस सारखे करताना सापडले, की उस्ताद डोक्यात टपली मारत. टपल्या खाऊन खाऊन नजर अशी बसली की पुढे मामांना आरशात माणूस दिसेनासाच झाला. दिसायचा तो ओरखडा, नाहीतर कडेला धरलेला काळा डाग.

इथवर ठीक होतं. पण मामांनी या कामातून एक तत्त्वज्ञान काढलं आणि ते ऐकवून ऐकवून आमचे कान किटवले.

"आरशात खोली दिसते ना?" जेवताना ते मला विचारायचे. "हात घाल बरं त्या खोलीत. जातो का? काचेला अडकतो. मग खरं काय? काच! हे जगही असंच आहे बाई. दिसतं ते सगळं येतं नि जातं. ज्याच्यावर दिसतं, ते राहतं. शोधायचं ते."

"शोधा की," मामी म्हणायची. "तोवर ही येणारी-जाणारी भांडी घासून टाका."

मामा हसत उठायचे आणि खरोखर भांडी घासायचे. माणूस वाईट नव्हता हो. माझ्या लग्नाच्या दिवशी मामी नवे कपडे घालून नव्या आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, कशी दिसते?" मामा बाजूला आले, मान तिरपी केली, अगदी मन लावून बघितलं. "खाली डावीकडे एक बुडबुडा राहिलाय," म्हणाले. आम्ही पोट धरधरून हसलो. मामीही हसली. पुढे कित्येक वर्षं तो किस्सा पाहुण्यांना सांगितला जायचा. मामीने मात्र तो प्रश्न त्यांना पुन्हा विचारलेला मी ऐकला नाही.

मामी गेली आणि मामांना घर खायला उठलं. त्यांनी कारखान्याची खोली दुसऱ्या कारागिराला देऊन टाकली. मूलबाळ नाही, येणारं-जाणारं कुणी नाही. दर रविवारी मी तेवढी जायची, आठवड्याची भाजी निवडून, चिरून ठेवायची. दार उघडल्यावर मामा बोलायला जायचे आणि आवाजच फुटायचा नाही. दोनदा खाकरायचे, मग कुठे शब्द निघायचा. मागच्या रविवारनंतर ते कुणाशी बोललेलेच नसायचे. मला ते खाकरणं ऐकवायचं नाही.

अशाच एका रविवारी मी भाजी चिरत होते आणि मामा म्हणाले, "तुझी मामी कशी दिसायची गं?"

"ही काय चेष्टा?" मी म्हणाले. "फोटो आहे की भिंतीवर."

"तो फोटो झाला. रोज बघतो त्याच्याकडे. डोळे मिटले की तिची चाहूल लागते, आवाज येतो. चेहरा येत नाही."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. अख्खा संसार एका घरात केला या माणसाने! चांगलं सुनावणार होते, पण त्यांच्याकडे बघितलं आणि शब्द गिळले. ते घाबरले होते. मग मी सांगायला बसले. उजव्या भुवईत खोक होती, लहानपणी पडल्याची. पुढचा दात तिरका, म्हणून हसताना वरचा ओठ खाली ओढून घ्यायची. राग आला की आधी कान लाल व्हायचे. तुम्ही काचेचं पुराण लावलंत की हनुवटीला हात लावून तुमच्याकडे बघत बसायची, सगळं तोंडपाठ असूनही.

मामा परक्या बाईबद्दल ऐकावं तसं ऐकत होते.

"एवढं सगळं होतं?"

"होतं."

"माझ्यासमोर?"

"मग कुणाच्या समोर, मामा?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "जन्मभर म्हणालो, राहतं ते खरं. आता जे राहायचं ते राहिलंय सगळं. घर आहे, भिंती आहेत. पण यातलं काही खरं वाटत नाही गं. जी राहिली नाही, तीच तेवढी खरी वाटते. माझं चुकलं का?"

जगाच्या मुळाशी काय आहे ते असेल तिथे सुखात असो, मला त्याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. मला फक्त मामांची दया येत होती, आणि रागही येत होता.

"तिला कळलं होतं का, मी बघत नाही ते?"

खोटं बोलायला हवं होतं. पण मला ते जमत नाही. "कळलं होतं."

"मग माझ्याजवळ राहिली कशी?"

"ते तिला विचारायचं होतं," मी फाडकन बोलले आणि लगेच जीभ चावली.

मामा उठले. मला वाटलं, आत जाऊन पडतील. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या अगदी पुढ्यात येऊन बसले. बघू लागले. इतका वेळ, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"काय बघताय?"

"तुझ्या डोळ्यांखाली काळं झालंय," ते म्हणाले. "गालही बसलेत. कधीपासून?"

नवरा वेगळा राहायला लागला तेव्हापासून. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. रोज भेटणाऱ्यांपैकी कुणी विचारलंही नव्हतं. मी सुरी खाली ठेवली आणि लहान पोरीसारखी रडले. मामा बघत राहिले.