तांदळातलं नाव

"आजी, तुमचं नाव काय?"

"ठकू."

वसंतरावांनी कपाळावर हात मारला. "आई, काय सांगून राह्यली? सुभद्रा नाव हाय तुयं!"

"असंन," आजी म्हणाल्या.

मी शून्य गुण लिहिले.

अनसिंगला आमचा सर्व्हे चालू होता. नव्वदीनंतर काहींची स्मरणशक्ती शाबूत राहते, काहींची झिजते. त्यात रक्तातून आलेला वाटा किती, हा प्रश्न. एका जनुकाचा ठरावीक प्रकार आईवडिलांकडून आला, तर विसर पडण्याचा धोका वाढतो. धोका, खात्री नव्हे.

वसंतराव साठीचे. परवा गाडीची चावी फ्रीजमध्ये सापडल्यापासून घाबरलेले.

"मॅडम, मले बी असंच होईन काय?"

"रक्तावरून नक्की नाही सांगता येत."

"मंग रक्त कायले नेता?"

मी आजींच्या दंडातली सुई काढली.

सख्ख्या भावंडांचा नमुनाही लागतो. म्हणून जऊळक्याला आजींच्या धाकट्या बहिणीकडे गेले. त्यांनी दारातच विचारलं, "आमची ठकी कशी हाय?"

ठकू हे माहेरचं नाव होतं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात 'सुभद्रा' लिहिलं, तेव्हापासून सासरी तेच.

मी अनसिंगला परतले. "आजी, सुभद्रा कोण?"

"तांदळात लिवली होती ना, थे. कुठं गेली, काय माईत."

तांदूळ आठवतात. सुभद्रा म्हणजे आपणच, हे आठवत नाही. याला गुण किती?

सर्व्हेचे प्रमुख असलेल्या सरांना फोन लावला.

"आधारवरचं नाव तेच उत्तर. प्रोटोकॉल आहे."

"पण त्या चुकीचं नाव सांगत नाहीत, सर."

"बरोबरही सांगत नाहीत, मॅडम."

शून्य तसंच राहिलं.

"मंग आईले विसर पडला का नाही?" वसंतरावांनी विचारलं.

"मला कळत नाही."

"म्हंजे माह्यं बी तुमाले कळणार नाही." ते उठले, आईजवळ जाऊन बसले. "ठकूबाई, चहा घेता का?"

आजींनी लगेच मान वळवली. "साखर टाक जरा. मागच्या वेळी चोरली होती तू."

नंतर आमच्या फॉर्मवर माहेरच्या नावाचा रकाना आला. तेवढंच निष्पन्न झालं.

माझी आई गेल्या उन्हाळ्यात गेली. शेवटी नर्स "कुमुदताई, कुमुदताई" म्हणून हाका मारायच्या. ती बघायची नाही. फाइलमध्ये लिहिलं होतं, प्रतिसाद नाही. तिचं माहेरचं नाव मला माहीत नाही. तिच्या माहेरी आता कोणी उरलेलं नाही.

तुमच्या घरी कोणी असेल, तर विचारून ठेवा.