मोसंबीच्या बागेतली टकटक

माझी पोस्टिंग तेव्हा डोंगरातल्या एका फील्ड हॉस्पिटलला होती. मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट, नवी नवी. हॉस्पिटल म्हणजे काय, तर चार तंबू, दोन बंकर, एक टेलिफोन आणि बाकी सगळा बर्फ. तो टेलिफोन चालू ठेवायचं काम सिग्नल्सच्या एका लान्स नाईककडं होतं. पहिल्या दिवशी त्यानं सॅल्यूट मारला. मी गाव विचारलं.

"तलवाडा, मॅडम. तालुका गेवराई, जिल्हा बीड."

मी धारूरची. त्या थंडीत आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला, तेव्हा कसं वाटलं ते सांगता येत नाही. मी नुसतंच म्हणाले, "चहा घेतलास का रे?" तो सोपान.

लाईन सारखी तुटायची. कधी बर्फ सरकायचा, कधी गोळा पडायचा. मग सोपान तारेवर हात ठेवून चालत निघायचा. तुटलेलं टोक सापडलं की जोडायचा, वर टेप गुंडाळायचा आणि फोन फिरवायचा. "लाईन ओके, मॅडम." एवढंच. एखादी तार नुसती काढून ठेवायची असली तरी तिच्या टोकाला टेप लावल्याशिवाय तो जागचा हलत नसे. मी एकदा ओरडलेही, बोटं निळी पडलीत, ये की आत! तर म्हणाला, "उघडं टोक सोडू न्हाई, मॅडम. मागून येणाऱ्याला कळत न्हाई त्यात करंट हाय का न्हाई."

पेशंट नसले की थर्मासच्या झाकणावर चमचा वाजवून तो मला मोर्स, म्हणजे टकटकीची लिपी, शिकवायचा. मला काय ठाऊक, तेच पुढं म्हातारपणाला पुरणार आहे.

मी मेजर होऊन निवृत्त झाले, तो हवालदार होऊन. धारूरला परत आल्यावर मी हौशी रेडिओची, म्हणजे घरून वायरलेसवर बोलायच्या परवान्याची, परीक्षा दिली. रेडिओचं शास्त्र कुणी शिकलंय? इंग्रजी पुस्तक एका हातात, डिक्शनरी दुसऱ्या हातात, असा अभ्यास केला आणि लायसन्स घेतलं. पण धारूरला घरामागं सगळा खडक. अँटेनाच्या अर्थिंगच्या तारा पुरायला पहार मारली तर ठिणग्या उडाल्या. सोपानला फोन केला.

"मग आमच्या रानात लावा की, मॅडम. काळी माती हाय, वाट्टंल तेवढं उकरा."

अशा रीतीनं आमचं स्टेशन तलवाड्याला, सोपानच्या शेतातल्या घरात उभं राहिलं. महिन्यातून दोनदा मी एसटीनं जायची. त्याची बायको कौसा मला ताई म्हणायची आणि नवऱ्याला म्हणायची, "पोरांची लग्नं झाली, आता तारांशी संसार करा."

आधी अँटेनाचा एकच खांब लावला. अ‍ॅल्युमिनियमचा पाईप, उंची साधारण दहा मीटर, बुडाशी पीव्हीसीचा तुकडा, नायलॉन दोरांचे ताण. खांबाभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं. सेट लावला आणि ऐकते तर काय? टक... टक... टक. दर सेकंदाला एक. दूरचं स्टेशन एक अक्षर बोललं की त्यावर ही टकटक. सोपान हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन, जिथं आवाज वाढेल तिकडं चालत गेला आणि उत्तरेच्या बांधापलीकडं नसीरभाईंच्या मोसंबीच्या बागेत पोचला. कुंपणाला झटका मशीन लावलेलं. रानडुकरं तारेला शिवली की चटका बसतो, ते. सोलरवर चालायचं, रात्रंदिवस.

नसीरभाई गेवराईच्या बाजारात फळं विकतात. तोंडानं खट, मनानं मोसंबीसारखेच.

"दिवसा तरी बंद ठेवा की, भाई," सोपान म्हणाला.

"कावून? डुकरं काय तुमच्या रेडिओला सलाम ठोकून परत जातील व्हय?"

"मॅडमला ऐकू येत न्हाई."

"मेजरबाईला सांगा, कान माझा न्या, बाग ऱ्हाऊ द्या."

मशीन बंद होणार नाही हे कळलं, तेव्हा आम्ही दुसरा खांब लावायचं ठरवलं. आता हे जरा समजून घ्या, अवघड नाही. दोन खांब दक्षिणोत्तर, मधे दहा मीटर अंतर. एका खांबाच्या केबलमध्ये जादा वेढा घालायचा, म्हणजे त्याला सिग्नल किंचित उशिरा पोचतो. त्या उशिरामुळं दोन्ही खांब मिळून पुढच्या बाजूला जोर लावतात आणि मागच्या बाजूला बहिरे होतात. पुढं दक्षिण, जिथली स्टेशनं आम्हाला हवी होती. मागं उत्तर, म्हणजे नसीरभाईंची बाग.

पुस्तकात सोपं होतं. रानात टकटक काही जाईना. चार वेळा पाईप उतरवले, तारांचे सांधे घासले, कनेक्टर बदलले. शेवटी सोपान वेढ्याकडं बघत बसला आणि म्हणाला, "मॅडम, आपण केबल मोजपट्टीनं मोजून कापली. पण केबलच्या आत सिग्नल हवेपरास हळू चालतो. मंग लांबी कमी पायजे, न्हाई का?" पुस्तकात ते होतं, पुढच्या पानावर. वेढा छाटला, टोकांना टेप लावली, सेट चालू केला. टकटक इतकी खाली गेली की शोधावी लागावी. कौसानं गुळाचा चहा केला. बांधावरून नसीरभाई ओरडले, "काय झालं बे सोपान, बहिरा झालास का सुधारलास?"

"तुमच्यापुरता बहिरा झालो, भाई!"

असे आमचे दिवस चालले होते.

त्या पावसाळ्याच्या शेवटाला मी तलवाड्यातच अडकले. सलग पाऊस, त्यात धरणाचं पाणी सोडलेलं. नदी ओढ्यातून उलटी गावाकडं यायला लागली. आधी वीज गेली, मग मोबाईलचे टॉवर. सोपानचं घर उंचावर. सकाळी गच्चीवर चढलो तर उत्तरेला नुसतं पाणी. मधे बागेचे शेंडे आणि पलीकडं वस्तीवरच्या शाळेचा स्लॅब. स्लॅबवर माणसं.

नसीरभाई गुडघाभर चिखलातून धावत आले. कायम तिरकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना धड वाक्य जुळेना.

"मेजरबाई... माझी सून हाय वर. नववा लागलाय. चौदा माणसं हायत. पाणी खिडक्याच्या वर गेलंय."

मी नर्स. सगळं आयुष्य पेशंटकडं चालत जाण्यात गेलं आणि आता पेशंट डोळ्यांसमोर असून मला तिकडं पाऊल टाकता येत नव्हतं. ओढ किती आहे ते वाहत्या बाभळीच्या झाडावरून दिसत होतं. बोट पाहिजे होती. बोट बीडच्या कंट्रोल रूमला सांगितल्याशिवाय येणार नव्हती आणि सांगायला रस्ता एकच. दक्षिणेतलं एखादं स्टेशन रेडिओवर गाठायचं आणि त्यानं तिकडून बीडला फोन करायचा. जवळच्या माणसासाठी हजार किलोमीटरचा फेरा.

सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला. मीटरचा काटा एका टोकाला जाऊन चिकटला. अशात बटण दाबून बोललं तर सेट जळून जाईल.

"सोपानराव, एसडब्ल्यूआर फुल. पॉवर अँटेनातून परत सेटमध्ये येतेय."

"बघतो."

उत्तरेकडचा खांब रात्रीच्या वाऱ्यात आडवा झाला होता. पाईप मधोमध दुमडलेला, बुडाचं पीव्हीसी फुटलेलं. जोडणीच्या डबीत पाणी. आम्ही तिघांनी पाईप उभा करून पाहिला. दोनदा. चिखलात मेख धरत नव्हती. मग सोपाननं डबी कोरडी पुसली, मोडक्या खांबाची केबल सोडवली, तिच्या टोकाला टेप लावली. काटा खाली आला.

"एका खांबावर चालवा, मॅडम. लाईन ओके."

मी हेडफोन घातले. आणि ती आली. टक... टक... टक.

एक खांब सगळ्या बाजूंनी ऐकतो. त्यात कुंपणाच्या तारा ओल्या झाडोऱ्यात बुडालेल्या, ठिणग्या सुटत असणार. टकटक कधी नव्हती इतकी मोठी. सगळ्या तालुक्याची वीज बंद, आणि ते एक सोलरचं मशीन उंच ओट्यावर बसून इमानदारीनं चाललेलं.

"ब्रेक, ब्रेक. इमर्जन्सी. बीड जिल्ह्यातून बोलतेय. कुणी ऐकतंय का? ओव्हर."

टक... टक.

टकटकीच्या मागं कुणीतरी होतं. माणसाचा आवाज. "स्टेशन कॉलिंग... टक... से अगेन... टक." मी पुन्हा सांगितलं. तो काहीतरी विचारत होता, गाव विचारत होता की आकडा, मला कळेना. उत्तर काय देऊ? तीनदा, चारदा. त्याचा आवाज विरायला लागला. नसीरभाई दारात उभे. ते हेडफोनमधून बाहेर येणारी टकटक ऐकत होते. त्यांना सगळं कळलं.

"माझं मशीन. मी जातो."

"तुमाला पवता येतं का?" सोपाननं विचारलं.

"न्हाई. तरी जातो."

"मंग बसा. सेट मॅडमचा, लाईन माझी."

मी म्हणाले, "सोपानराव, थांबा. पाण्याला ओढ आहे. ही ऑर्डर समजा."

तो हसला. "मॅडम, आपण दोघं बी पेन्शनवर."

त्यानं मोडक्या खांबाचे ताणाचे दोर सोडून एकमेकांना गाठले, कमरेला बांधले. टेपचं रीळ दातात धरलं. दुसरं टोक नसीरभाईंच्या हातात दिलं. कौसा म्हणाली, "अहो, जेवला बी न्हाईत तुमी." तो म्हणाला, "आलोच."

मी सेटसमोरून उठले नाही. कौसा गच्चीवरून सांगत होती. बांध ओलांडला. छातीपर्यंत पाणी. पहिल्या रांगेला झाड धरलंय. मग तिचा आवाज थांबला.

"काय झालं?"

"दोर पुरंना, ताई. सोडला त्यांनी."

मी ओरडत राहिले, "स्टँड बाय, स्टेशन, स्टँड बाय." टक... टक... टक... टक...

आणि थांबली.

इतकी शांतता मी त्या सेटवर कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत एका म्हाताऱ्या माणसाचा संथ आवाज, शेजारच्या खोलीतून बोलावा तसा.

"आय कॉपी यू नाऊ, मॅडम. गो अहेड."

मी गाव सांगितलं. शाळा सांगितली. चौदा माणसं, एक गरोदर, पाणी चढतंय, बोट हवी. त्यानं एकेक शब्द परत म्हणून दाखवला. "रोजर. कॉलिंग बीड ऑन फोन. डोन्ट लीव्ह फ्रिक्वेन्सी." थोड्या वेळानं त्याचाच आवाज आला, "बोट हॅज लेफ्ट, मॅडम."

मी हेडफोन काढले आणि बाहेर आले. नसीरभाई पाण्यात कमरेएवढे उभे होते. हातात मोकळा दोर. ते दोर ओढत नव्हते, सोडतही नव्हते. कौसा गच्चीवर.

दिवस कलायच्या आत बोट आली. चौदाच्या चौदा माणसं उतरवली. नसीरभाईंच्या सुनेला मी बोटीतच तपासलं, मग पुढं गेवराईला नेलं. पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बोटीतल्या जवानांना मी सांगितलं, आमचा एक माणूस बागेत आहे. त्यांनी अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारल्या.

पाणी ओसरल्यावर सोपान खालच्या बंधाऱ्याच्या जाळीत सापडला. मी त्याला पुसलं, कपडे नीट केले. ते काम मला येतं.

मग मी आणि नसीरभाई बागेत गेलो. मशीन ओट्यावर तसंच होतं, ओट्याच्या कडेपर्यंत गाळाची रेघ. बटण बंद. नुसतं बटण नाही, बॅटरीची तार सुद्धा काढलेली. पुन्हा चालू व्हायला नको म्हणून. आणि काढलेल्या तारेच्या टोकाला काळी टेप. तीन वेढे, घट्ट, शेवट बोटानं दाबून बसवलेला.

मी तिथंच चिखलात बसले. त्या तीन वेढ्यांना किती वेळ लागला असेल? तेवढ्यात तो मागं फिरला असता, तर पहिल्या रांगेपर्यंत, दोरापर्यंत पोचला असता का? हा हिशोब मी अजून करते. कौसाला कधी बोलून दाखवला नाही. तिनंच एकदा म्हटलं, "ताई, टेप न लावता ते आले असते, तर ते आमचे मालक नसते."

आता पुन्हा दोन खांब उभे आहेत. पाईप नसीरभाईंनी आणले, खड्डेही त्यांनीच खणले. मशीन त्यांनी परत लावलं नाही. डुकरं बाग खातात, ते रात्री डबा वाजवत बसतात. मी म्हटलं, "भाई, लावा की, आता मला त्रास होत नाही, मागची बाजू बहिरी आहे." ते म्हणाले, "लावतो, मेजरबाई. ती टेप सोडायला हात होत न्हाई अजून."

आमच्या फौजेत पद्धत आहे. गेलेल्याचं नाव युनिटच्या फलकावर लिहितात. सोपान पेन्शनीत असताना गेला, म्हणून त्याचं नाव कुठल्याच फलकावर नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवते.

हवालदार सोपान, सिग्नल्स, राहणार तलवाडा. काम : मशीन बंद करणे. काम पूर्ण. टोक उघडं सोडलेलं नाही. लाईन ओके.